वाढलेली किंमत कोणाची?

गेल्या महिन्यात एका रविवारी उपासना आटोपल्यावर मंडळीतील एक गृहस्थ मला मंदिराच्या ओट्यावर थांबवून म्हणाले, "मास्तर, थोडे विचारायचे आहे. एक कर्ज डोक्यावर असताना ते फेडण्यासाठी दुसरे, त्याहून मोठे कर्ज काढणे हे पाप आहे काय?"

मी आयुष्यभर शाळेत गणित शिकविले. पापपुण्याचे पाळकसाहेबांना विचारावे, हिशेबाचे मला, असे मी हसत म्हटले. ते हसले नाहीत. म्हणाले, "हिशेब बरोबर आहे, मास्तर. म्हणूनच तर झोप येत नाही."

त्यांची हकिकत अशी. बेळगावच्या बाजारपेठेतील एका गल्लीत त्यांच्या वडिलांनी बांधलेली दुमजली इमारत आहे. खाली चार गाळे, वर दोन खोल्या. खालच्या दोन गाळ्यांत वडिलांच्या वेळेपासूनचे भाडेकरू आहेत: एक शिंपीकाका आणि एक घड्याळे दुरुस्त करणारे. बाकी ठिकाणी औषधांचे दुकान, झेरॉक्स, दवाखाना आणि शिकवणीचा वर्ग. छप्पर गळत होते, विजेच्या तारा जुन्या, पाण्याची सोय नाही. म्हणून २०२२ च्या अखेरीस या गृहस्थांनी एका वित्त कंपनीकडून इमारत तारण ठेवून तीस लाख रुपये घेतले, दहा वर्षांच्या मुदतीने, बारा टक्के व्याजाने. हप्ता महिना सुमारे त्रेचाळीस हजार. नवा स्लॅब पडला, तारा बदलल्या, टाकी आणि स्वच्छतागृहे झाली, जिना रुंद झाला. सगळ्या इमारतीचे भाडे पूर्वी महिना चाळीस हजार येई, ते ऐंशी हजार झाले. पैकी दोघा जुन्यांचे भाडे त्यांनी पाच हजारांवरून सातच हजार केले. इतर चौघांचे साडेसोळा हजार.

तीन वर्षे हप्ते नेमाने गेले. आता सुमारे साडेचोवीस लाख देणे उरले आहे. इतक्यात एका बँकेने त्यांना सांगितले की आम्ही तुमचे जुने कर्ज फेडून टाकतो आणि साडेनऊ टक्क्यांनी नवे देतो. शिवाय इमारत सुधारली, भाडे वाढले, तेव्हा तिची किंमत आता एक कोटी धरता येईल. तिच्यावर पन्नास लाख मिळतील. जुने देणे वजा जाता पंचवीस लाख रुपये हातात. मुलाला पुण्यात घर घ्यायचे आहे. पैसे त्यासाठी हवेत.

वाचकहो, आपल्याकडे याला फार जुना आणि नेमका शब्द आहे. सोसायटीचे किंवा पतपेढीचे कर्ज घेतलेला कोणताही शेतकरी तो जाणतो: कर्जाचे 'नवे-जुने' करणे. जुने खाते मिटवायचे आणि त्याच दिवशी नवे उघडायचे. परंतु या एका शब्दाच्या पोटात दोन निरनिराळ्या गोष्टी दडलेल्या आहेत, आणि त्या वेगळ्या केल्याखेरीज आमच्या गृहस्थांच्या प्रश्नास उत्तर देता येत नाही.

पहिली गोष्ट म्हणजे ओझे हलके करणे. देणे तेवढेच ठेवावयाचे, फक्त व्याज कमी करावयाचे. यात दोष कसला? रिझर्व्ह बँकेचा रेपो दर मे २०२२ मध्ये चार टक्के होता, तो फेब्रुवारी २०२३ पर्यंत साडेसहा झाला. मग २०२५ या एका वर्षात तो उतरत उतरत सव्वापाचवर आला. बँकांनी लहान कर्जदारांना दिलेली बदलत्या व्याजाची कर्जे ऑक्टोबर २०१९ पासून अशा बाहेरच्या दराशी बांधलेली आहेत. वित्त कंपन्यांवर ते बंधन नाही, म्हणून दर उतरले तरी कित्येकांचा हप्ता जागचा हलत नाही. मुदतीआधी कर्ज फेडणाऱ्यांकडून दंड घेण्याची चालही आता आवळली गेली आहे. रिझर्व्ह बँकेने २०२५ मध्ये काढलेले याविषयीचे निर्देश १ जानेवारी २०२६ पासून मंजूर किंवा नूतनीकरण झालेल्या कर्जांना लागू आहेत. कर्ज त्याआधीचे असेल तर मात्र जुन्या करारात काय लिहिले आहे ते पाहणे भाग आहे. देणे फिटल्यावर मालमत्तेची मूळ कागदपत्रे तीस दिवसांत परत द्यावीत, उशीर सावकाराच्या बाजूने झाला तर दिवसाला पाच हजार रुपये भरपाई द्यावी, असा नियम डिसेंबर २०२३ पासून आहे. ज्याला ठाऊक असूनही आळसाने जादा व्याज भरावयाचे आहे, तो चांगला कारभारी म्हणता येणार नाही.

आमच्या गृहस्थांनी एवढेच केले, म्हणजे उरलेले साडेचोवीस लाख उरलेल्या सात वर्षांसाठी साडेनऊ टक्क्यांवर नेले, तर हप्ता त्रेचाळीस हजारांवरून चाळीस हजारांच्या किंचित खाली येतो. सात वर्षांत अडीच लाखांहून थोडे अधिक वाचतात. त्यातून बँकेची फी, मूल्यांकनाचा खर्च, वकिलाचा अभिप्राय आणि मुद्रांक शुल्क वजा करावे. बचत मोठी नाही, पण स्वच्छ आहे.

दुसरी गोष्ट वेगळी. तीत वाढलेल्या किमतीवर नवे कर्ज उचलावयाचे असते. पन्नास लाख पंधरा वर्षांसाठी घेतले तर हप्ता बावन्न हजारांच्या आसपास पडतो. कर आणि डागडुजी वजा जाता भाडे महिना सुमारे सहासष्ट हजार सातशे उरते. म्हणजे हप्ता भागून साडेचौदा हजार शिल्लक. बँकही खूष, मालकही खूष. हाती आलेले पंचवीस लाख उत्पन्न नव्हेत, कर्ज आहे. म्हणून त्यावर आयकरही नाही. त्यामुळे ते नफ्यासारखे भासतात. परंतु सात वर्षांनी मोकळी होणारी इमारत आता पंधरा वर्षे अडकते, आणि त्या काळात एकूण सुमारे चौऱ्याण्णव लाख रुपये बँकेत भरले जातात. २०२२-२३ प्रमाणे व्याज पुन्हा अडीच टक्क्यांनी चढले तर हप्ता साठ हजारांवर जाईल. मग एखादा गाळा रिकामा राहिला की पदरचे घालावे लागेल.

हा झाला हिशेबातील धोका. तो गृहस्थांना ठाऊक होता. झोप त्याने उडाली नव्हती.

मी त्यांना विचारले, "इमारतीची किंमत एक कोटी कोणी ठरविली आणि कशावरून?" ते म्हणाले, "भाड्यावरून. वर्षाचे निव्वळ भाडे आठ लाख. या भागात आठ टक्के परतावा धरतात. आठ लाखांवर आठ टक्के म्हणजे एक कोटी." पूर्वी निव्वळ भाडे चार लाख होते, तेव्हा याच रीतीने किंमत पन्नास लाख होती. सुधारणेला लागले तीस लाख, आणि किंमत वाढली पन्नास लाखांनी. मग वरचे वीस लाख कोठून आले? स्लॅबमध्ये तर ते ओतलेले नाहीत.

लेवीय पुस्तकाच्या पंचविसाव्या अध्यायात जमिनीच्या विक्रीचा एक नियम आहे. पन्नासाव्या वर्षी जमीन मूळ कुटुंबाकडे परत जात असे. म्हणून मधल्या काळात ती विकताना किती पिके शिल्लक आहेत ते मोजून किंमत ठरवावी, असे तेथे सांगितले आहे. वर्षे जास्त तर किंमत जास्त, वर्षे थोडी तर थोडी. विकली जाते ती पिकांची संख्या, असे शास्त्र स्पष्ट म्हणते. तटबंदीच्या नगरातील घरास मात्र हा परतीचा नियम लागू नव्हता, हेही त्याच अध्यायात आहे. तेव्हा बाजारपेठेतील गाळ्यावर तो कायदा कोणी जसाच्या तसा लादू नये. पण त्यातील डोळा आपण घेऊ शकतो. भाड्यावरून इमारतीची किंमत काढणारा आजचा मूल्यांकनकार हेच करतो. तो विटा मोजत नाही, पुढची पिके मोजतो. आणि गाळ्याचे पीक म्हणजे शिंप्याने शिवलेले कपडे, डॉक्टरांनी तपासलेले रोगी, शिकवणीच्या बाईंनी संध्याकाळी घेतलेले वर्ग. त्यांच्या कमाईतून भाडे येते. वरचे वीस लाख म्हणजे त्या सहा जणांच्या येणाऱ्या वर्षांचे आजच केलेले रोख मोल.

एवढ्यावर थांबलो असतो तर गोष्ट तात्त्विक राहिली असती. पण गृहस्थांनी खरे दुखणे मग सांगितले. कर्ज मिळवून देणारा दलाल त्यांना म्हणाला होता, "साहेब, दोन गाळे तुम्ही फुकट घालविले आहेत. त्या म्हाताऱ्यांना काढा, बाजारभावाने द्या. कर्ज आणखी वाढवून देतो."

आम्ही ओट्यावरच आकडेमोड केली. शिंपीकाका सात हजार देतात. नवा भाडेकरू साडेसोळा देईल. फरक महिना साडेनऊ हजार, वर्षाला एक लाख चौदा हजार. आठ टक्क्यांच्या परताव्याने त्याचे मोल होते सव्वाचौदा लाख रुपये. एका विटेचाही खर्च न करता, केवळ शिंपीकाका उठून गेले की त्या दिवशी इमारत कागदावर सव्वाचौदा लाखांनी महाग होते. घड्याळवाल्यांचेही तेवढेच. दोघे मिळून साडेअठ्ठावीस लाख.

गृहस्थ बराच वेळ त्या आकड्याकडे पाहत राहिले. "काम चालू होते तेव्हा पाच महिने त्यांनी माझ्या घराच्या ओसरीत मशीन लावून काम केले," ते म्हणाले. "गिऱ्हाईक तुटले, पण तक्रार केली नाही. परत तुम्हालाच जागा देईन, असे मी बोललो होतो."

येथे मालकाची बाजूही न्यायाने मांडली पाहिजे. भाडे वाढविणे हे स्वतः पाप नाही. मुंबईत १९४७ च्या भाडे कायद्याने पुष्कळ जागांची भाडी १९४० च्या पातळीवर बांधून ठेवली. भाडेकरूंचे रक्षण झाले खरे, पण डागडुजीला पैसा उरेना आणि चाळीच्या चाळी मोडकळीस आल्या. छप्पर गळत ठेवून स्वस्त भाडे घेणे ही काही दया नव्हे. आमच्या गृहस्थांनी कर्जाची जोखीम घेतली, तीन वर्षे चिंता वाहिली. त्या कष्टांचे फळ त्यांना मिळालेच पाहिजे. तीस लाखांवर हक्क त्यांचा, आणि वरच्या विसांतही त्यांच्या विचारीपणाचा वाटा आहे. मुलाला घर मिळावे असे बापाला वाटणे यात लोभ नाही.

तरी पण एक भेद राहतो. महाराष्ट्राच्या १९९९ च्या भाडे कायद्यात, तो ज्या जुन्या जागांना लागू आहे तेथे, वर्षाला चार टक्के वाढ मालकाला आपसूक घेता येते. सुधारणा करून त्यापायी भाडे वाढवावयाचे असेल तर मात्र सत्तर टक्के भाडेकरूंची लेखी संमती लागते. बेळगावला तो कायदा लागू नाही. त्याच्या मुळाशी असलेली समज मात्र कोठेही खरी आहे: ज्याच्या कमाईतून सुधारणेचे पैसे फिटणार, तो त्या व्यवहारातला एक पक्ष आहे. बँकेच्या कागदावर सही मालकाची, जामीनदाराची आणि अधिकाऱ्याची असते. शिंपीकाकांची सही कोठेच नाही, आणि पंधरा वर्षांचा भार मात्र त्यांच्या मशीनवर आहे.

कर्जाचे नवे-जुने माणसाला कोठवर नेते, हे आपल्या मुलखाने पाहिलेले आहे. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने साध्या रोख्यावर दाद मागण्याची मुदत तीन वर्षांवर आणली. हेतू ऋणकोच्या रक्षणाचा होता. झाले उलटे. दर तीन वर्षांनी सावकार जुना रोखा रद्द करून नवा लिहून घेऊ लागला, आणि थकलेले व्याज नव्या रोख्यात मुद्दल होऊन बसू लागले. शेतकऱ्याच्या हाती नवा पैसा न येता देणे फुगत गेले. पुढे कापसाचे भाव पडले, सारा वाढला, आणि मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातील सुपे येथे बाजाराच्या दिवशी लोकांनी सावकारांची दप्तरे आणि रोखे काढून जाळले. ते लोण पुणे आणि नगर जिल्ह्यांतील अनेक गावांत पसरले. सरकारने चौकशी आयोग नेमला आणि १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा केला.

आमच्या गृहस्थांची गोष्ट तशी नाही, हे मी जाणतो. तेथे ऋणको अडलेला होता, येथे तो खुषीने सही करतो. पण एक साम्य विचार करण्याजोगे आहे. कर्ज सरत आले की नवे करावयाचे, आणि ते सरत आले की पुन्हा नवे, अशी सवय लागली म्हणजे कर्जाला शेवट राहत नाही. आपल्याकडील १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण कायदा गहाण ठेवणाराला गहाण सोडविण्याचा हक्क देतो. म्हणजे गहाण ही सोडविण्यासाठीच ठेवलेली वस्तू आहे, असे कायदाही मानतो. जो मालक प्रत्येक वाढीवर नवे कर्ज उचलतो, तो स्वतःच आपला हा हक्क पुढे ढकलीत जातो. आणि ते निभावण्यासाठी भाडे चढतेच ठेवावे लागते. मग मनाने कितीही मऊ असला तरी त्याला दया परवडत नाही. हप्ता त्याच्या वतीने कठोर होतो. माझ्या मते या प्रश्नाचे मर्म येथे आहे. कर्ज एवढे मोठे घेऊ नये की दिलेला शब्द पाळणे आपल्या हाती उरणार नाही.

म्हणून मी गृहस्थांना तीन गोष्टी स्वतःला विचारावयास सांगितल्या. एक, कर्ज कोणत्या वर्षी संपेल, आणि ते वर्ष माझ्या कमावत्या आयुष्यात येते काय? दोन, आज ठरलेल्या भाड्यातच हप्ता भागतो काय, की कोणाला तरी उठविल्याशिवाय तो भागणार नाही? तीन, सगळ्या भाडेकरूंना एकत्र बसवून हा हिशेब मोठ्याने वाचून दाखविण्याची मला लाज वाटेल काय? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर 'होय' असेल, तर बाकी आकडे कितीही बरोबर असोत, सही करू नये.

पंधरा दिवसांनी ते पुन्हा भेटले. पन्नासाऐवजी तेहतीस लाखांचे कर्ज, दहा वर्षांच्या मुदतीने घेण्याचे त्यांनी ठरविले होते. हप्ता येतो बेचाळीस हजार सातशेच्या आसपास, म्हणजे पूर्वीपेक्षा तसूभर कमीच. जुने देणे फिटून साडेआठ लाख उरतात. त्यातून बँकेचा खर्च वजा जाता राहील ते मुलाला. इमारत सुटण्यास तीन वर्षे अधिक लागतील, ही त्याची किंमत. त्या पायी कोणाचे भाडे वाढवावे लागणार नाही. दोघा जुन्या भाडेकरूंना त्यांनी बोलावून सारे सांगितले आणि वर्षाला पाच टक्के वाढीचा करार लिहून दिला. घड्याळवाले थोडे कुरकुरले. शिंपीकाकांनी एवढेच विचारले, "किती वर्षांचा?"

गोष्ट येथे गोड झाली असे मी म्हणणार नाही. मुलगा रागावला आहे. ओळखीच्या सगळ्यांनी असेच केले, मग आपण का नाही, असे तो म्हणतो. त्याच्या म्हणण्यातही तथ्य आहे. पुण्यातील घरांच्या किमती त्याने ठरविलेल्या नाहीत. परक्या माणसाला दिलेल्या शब्दासाठी आपल्या लेकराचे सुमारे सतरा लाख कमी करावयाचे, हे बापाला सोपे गेले असेल असे कोणी समजू नये. मी त्यांना शाबासकी दिली नाही. ती त्यांना नकोच होती.

रविवारच्या शाळेत मोठ्या मुलांचा वर्ग घेणाऱ्या बंधुभगिनींना माझी एक विनंती आहे. चोरी करू नये, हे आपण मुलांना पाठ करवून घेतो, आणि त्यांच्या डोळ्यांसमोर खिसा कापणारा उभा राहतो. एखाद्या दिवशी हे गणित फळ्यावर मांडावे. सात हजार भाडे, साडेसोळा हजार भाडे, आठ टक्के परतावा. उत्तर सव्वाचौदा लाख येईल. मग मुलांना विचारावे, हे पैसे कोणाचे? त्यांना चटकन उत्तर सुचणार नाही, आणि आपणही चटकन देऊ नये. उद्या त्यांतील कोणी मालक होईल, कोणी भाडेकरू, कोणी बँकेत त्या कागदावर शिक्का मारील. त्या दिवशी आकड्यामागे बसलेला माणूस त्यांना दिसला, तर वर्गातील एक तास सार्थकी लागला असे समजावे.